हप्ता किती बसतो?

उसाचा भाव जाहीर झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीचा शेतकरी आधी वजाबाकी करतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली. पण हा भाव कारखान्याच्या दारातला. फडापासून दारापर्यंत ऊस आणायचा तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच कापला जातो. उतारा बदलला की भावही बदलतो. त्याउपर काटा बरोबर आहे का, ही शंका असतेच. म्हणून तेरणा नदीच्या काठावर 'भाव काय निघाला?' याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: 'हातात किती पडतात?'

हाच माणूस ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल घ्यायला लातूरला, बार्शीला नाहीतर धाराशिवला शोरूममध्ये गेला, की मात्र ही वजाबाकी घरी ठेवून जातो. काचेचं दार, थंड हवा, समोर चहा. विक्रेता खुर्ची पुढे ओढून म्हणतो, 'मामा, किमतीचं सोडा. सहा महिन्याला किती झेपतील तेवढं सांगा.' मामा म्हणतात, 'साठ-सत्तर झेपतील.' कॅल्क्युलेटरवर बोटं फिरतात आणि दोन मिनिटांत आकडा समोर येतो. 'बघा, बसवून टाकलं!'

काय बसवलं, हे कोणी विचारत नाही. हप्ता हा शेवटचा आकडा आहे. त्याच्या पोटात चार वेगळे व्यवहार असतात: गाडीची किंमत, जुन्या गाडीचं मोल, पासिंग-विम्याचा खर्च आणि उसन्या पैशाचं भाडं. डीलरला हे चारही एकत्र मळायला आवडतात, कारण मग एकीकडे दिलेलं दुसरीकडून काढता येतं. गाडीवर दहा हजारांची सूट द्यायची आणि व्याजातून चाळीस हजार परत घ्यायचे. हप्ता जड वाटला तर मुदत वर्षाने लांबवायची. हप्ता हलका होतो, गाडी महाग होते. या प्रकरणात आपण तो मळलेला गोळा पुन्हा सुटा करू.

दारातला भाव, रस्त्यावरचा भाव

'एक्स-शोरूम' म्हणजे शोरूमच्या दारातला भाव. त्यात कंपनीची किंमत, डीलरचा नफा आणि जीएसटी येतो. 'ऑन-रोड' म्हणजे गाडी रस्त्यावर धावायला लागेपर्यंतचा भाव. उसात दारापर्यंतचा खर्च वजा होतो, इथे दाराबाहेरचा खर्च वाढत जातो, एवढाच फरक.

जीएसटीपासून सुरुवात करू. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा 28 चा 18 झाला. 12 चे 5 म्हणजे किंमत सात टक्क्यांनी उतरली, असं नाही. आधी सात लाखांना मिळणाऱ्या ट्रॅक्टरची मूळ किंमत सव्वासहा लाख होती आणि वर 75 हजार कर होता. आता त्याच मूळ किमतीवर कर 31,250 रुपये. भाव 6,56,250 व्हायला हवा, म्हणजे 43,750 रुपये कमी. ही कपात सरकारने दिलेली आहे. कोणी तिला 'आमच्याकडून खास डिस्काउंट' म्हणून दाखवत असेल, तर त्याला म्हणावं, सरकारची सूट बाजूला ठेवा, तुमची सांगा.

मोटारसायकलचा एक्स-शोरूम भाव कंपनीच्या वेबसाइटवर सहज सापडतो. ट्रॅक्टरचा बहुतेक वेळा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा सापडतो. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन गावांतले भाव वेगळे निघतात, आणि घासाघीस त्या फरकातच होते. यावर जुना उपाय एकच आहे: दोन-तीन ठिकाणची कोटेशनं, छापील आणि शिक्क्याची. त्यात मॉडेल, अश्वशक्ती, टायरची साइज, टॉपलिंक, हूक, ड्रॉबार, बंपर, छत यांपैकी काय धरलंय आणि काय नाही, हे लिहून घ्यायचं. एकाने बंपर आणि छत धरून भाव सांगितला आणि दुसऱ्याने ते सोडून, तर स्वस्त वाटणारा ट्रॅक्टर घरी येईपर्यंत महाग होतो.

आता दाराबाहेरचा खर्च. दुचाकीला एकरकमी रस्ता कर लागतो, महाराष्ट्रात इंजिनाप्रमाणे किमतीच्या साधारण दहा ते बारा टक्के. त्यावर नोंदणी शुल्क. हे पैसे सरकारजमा होतात आणि त्यांची पावती निघते. एमएच-25 ची पाटी हवी असेल तर ते द्यावेच लागतात. पण कोटेशनमध्ये त्यांच्या शेजारी 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'डेपो चार्ज', 'फाइल चार्ज' अशा ओळीही बसलेल्या असतात. त्या दिसायला सरकारी, असतात डीलरच्या. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम भावात आधीच आलेला असतो. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावं, 'याची सरकारी पावती मिळेल का?' मिळत नसेल तर ती ओळ घासाघिशीची.

हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचंही तेच. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला ती कंपनीकडूनच येते, तिचे पैसे किमतीत धरलेले असतात. हेल्मेटचंही तेच. दुचाकी विकताना बीआयएस प्रमाणित हेल्मेट सोबत द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. तरी कितीतरी बिलांत हेल्मेट 'अॅक्सेसरीज'च्या आडून पुन्हा विकलं जातं.

विमा ही मोठी ओळ. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या खासगी कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षी आकडा मोठा दिसतो. तो विमा त्याच शोरूममधून काढायची सक्ती मात्र नाही. बाहेरून आणलेली पॉलिसी चालते. पॉलिसी हातात आली की 'आयडीव्ही' बघायचा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर मिळणारी ती कमाल रक्कम. नव्या गाडीचा आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीच्या 95 टक्के असतो. तो खाली ओढला की विम्याचा हप्ता स्वस्त दिसतो आणि नुकसान झालं की स्वस्ताई अंगावर येते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणखी एक. कृषी यांत्रिकीकरण योजनेत अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्पभूधारकांना ट्रॅक्टरवर सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना एक लाखापर्यंत अनुदान मिळतं. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पूर्वसंमती हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर घेतला तर अनुदान गेलं. शिवाय ते तुमच्या खात्यावर येतं, डीलरच्या बिलातून वजा होत नाही. 'सबसिडी धरून एवढेच बसतात' हे वाक्य म्हणूनच जपून ऐकावं.

जुना ट्रॅक्टर एक्स्चेंजला देणार असाल तर त्याचा भाव आधी बाहेर काढून या, आणि नव्याचा भाव ठरेपर्यंत जुन्याचं नावही काढू नका. बाजारात दोन लाखांना जाणाऱ्या ट्रॅक्टरचे डीलर दोन लाख तीस हजार देतो, तेव्हा मन हरखतं. नव्यावरची चाळीस हजारांची सूट त्याने गुपचूप काढून घेतलेली असते.

व्याजाचे दोन काटे

कारखान्याच्या काट्यावर माल कमी भरला तर गावभर बोंब होते. कर्जाच्या बाजारात मात्र दोन वेगळे काटे राजरोस वापरले जातात, आणि दोन्हींवर '9 टक्के' असाच आकडा दिसतो.

पहिला काटा 'फ्लॅट'. समजा ट्रॅक्टरसाठी पाच लाख कर्ज काढलं, पाच वर्षांसाठी, हप्ते सहामाही, कारण पैसा उसाच्या नाहीतर सोयाबीनच्या बिलातून येणार. फ्लॅटचा हिशोब अंगणवाडीतला: पाच लाखांवर 9 टक्के म्हणजे वर्षाला 45 हजार, पाच वर्षांचे सव्वादोन लाख. एकूण सव्वासात लाख, भागिले दहा. हप्ता 72,500 रुपये.

दुसरा काटा 'रिड्युसिंग', म्हणजे घटत्या शिल्लकेवरचं व्याज. पहिला हप्ता भरला की मुद्दल उतरतं आणि पुढचं व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागतं. पाच लाख, पाच वर्षं, 9 टक्के, सगळं तेच. हप्ता येतो साधारण 63,190 रुपये. एकूण व्याज सुमारे 1 लाख 32 हजार.

दर हप्त्याला 9,310 रुपयांचा फरक. दहा हप्त्यांत 93 हजार. दर एकच सांगितला, काटा बदलला.

हे होतं कसं? फ्लॅटमध्ये तुम्ही साडेचार लाख फेडून टाकलेले असले, तरी व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण पाच लाखांवरच चालू राहतं. रान विकून टाकल्यावरही त्याचा सारा भरत राहण्यासारखं. म्हणून सहामाही हप्त्यांचं 9 टक्के फ्लॅट हे प्रत्यक्षात पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपास पडतं. महिन्याच्या हप्त्यांत पावणेसोळाच्या जवळ जातं. बँकेचे 11 टक्के महाग आणि फायनान्सवाल्याचे 9 टक्के स्वस्त, असं ज्यांना वाटतं, त्यांची चूक आकड्यात नाही, काट्यात आहे.

हा गोंधळ मिटवायला रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून एक कागद सक्तीचा केला आहे. किरकोळ मुदत कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने सही घेण्याआधी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यायचं. त्यात 'एपीआर' असतो, म्हणजे व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जासोबत लागणारा विमा आणि असे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर. हा कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवा आणि तो समजावून सांगायलाही हवा. म्हणजे आपण 'मराठीत द्या' म्हटलं तर ती मेहरबानी मागितली असं होत नाही. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवले की फ्लॅट आणि रिड्युसिंगचा खेळ संपतो.

दुचाकीच्या बाजारात 'शून्य टक्के व्याज' आणि 'कमीत कमी डाउन' या पाट्या दसऱ्या-पाडव्याला फुलतात. शून्य टक्क्यावर गाडी घेणाऱ्याला रोखीची सूट मिळते का, ते विचारा. नसेल मिळत, तर तेच व्याज. दुसरी युक्ती दोन-तीन हप्ते आगाऊ घेण्याची. 70 हजारांच्या कर्जातून तीन हप्ते पहिल्याच दिवशी कापले आणि व्याज मात्र पूर्ण 70 हजारांवर लावलं, तर हातात न आलेल्या पैशाचं व्याज तुम्ही भरता. एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने असे प्रकार तपासणीत आढळल्याचं सांगून ते थांबवायला बजावलं.

खंडाने घेतलेली गाडी

पुण्या-मुंबईत 'कार लीजवर घेतली' असं कानावर येतं. ढोकीकराला हा शब्द नवा असेल, व्यवहार नवा नाही. तो खंडाचा आहे. रान दुसऱ्याचं, वर्षाचे पैसे ठरलेले, पीक तुमचं, मुदत संपली की बांधावरून परत. गावातला तेरणा सहकारी साखर कारखानासुद्धा अनेक वर्षं बंद राहून पुढे भाडेतत्त्वावरच सुरू झाला. मालकी एकाकडे आणि चालवणं दुसऱ्याकडे, ही गोष्ट इथे चहाच्या टपरीवरही कळते.

गाडीच्या लीजमध्ये तुम्ही गाडीची पूर्ण किंमत फेडत नाही, वापराने तिचं जेवढं मोल झडलं तेवढंच भरता. हिशोब असा. गाडी दहा लाखांची. तीन वर्षांनी ती पाच लाखांची राहील असं लीज कंपनी आधीच धरते. याला 'रेसिड्युअल व्हॅल्यू' म्हणतात, आपण शेषमोल म्हणू. झड पाच लाखांची, 36 महिन्यांत वाटली की महिन्याला 13,889 रुपये. शिवाय कंपनीचा पैसा अडकलाय, त्याचं व्याज. सुरुवातीला दहा लाख आणि शेवटी पाच लाख, म्हणजे सरासरी साडेसात लाख अडकले. 10 टक्क्यांनी महिन्याला 6,250. भाडं झालं 20,139 रुपये, वर जीएसटी.

या हिशोबात तीन आकडे बोलायचे असतात: गाडीची सुरुवातीची किंमत, शेषमोल आणि दर. शेषमोल जास्त धरलं की भाडं उतरतं. पण करार संपल्यावर गाडी विकत घ्यायचा विचार असेल, तर तेच शेषमोल महाग पडतं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना लीज रोजची आहे. तिथे दर टक्क्यांत न सांगता 'मनी फॅक्टर' नावाच्या बारीक दशांशात सांगतात, 0.00417 असा. त्याला 2400 ने गुणलं की 10 टक्के निघतात. आपल्याकडचा फ्लॅट आणि तिकडचा मनी फॅक्टर, दोघांचं काम एकच: मोठा दर लहान दिसावा.

त्याच अमेरिकेने डीलरच्या मनमानीवर 1958 मध्ये एक साधा उपाय काढला. प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कंपनीची किंमत, जादा सामानाची किंमत आणि वाहतुकीचा खर्च छापलेला कागद चिकटवायचा, आणि तो गिऱ्हाईकाने काढेपर्यंत कोणी काढायचा नाही. कायदा आणणाऱ्या सिनेटर माइक मोन्रोनी यांच्या नावाने तो कागद आजही ओळखला जातो. डीलरला त्यापेक्षा कमी-जास्त मागायची मुभा आहे, पण कमी-जास्त कशापेक्षा, हे गिऱ्हाईकाला दिसतं. आपलं छापील कोटेशन म्हणजे आपणच मागून घेतलेला तो कागद.

खंडाच्या रानात कोणी विहीर खोदत नाही, आंबा लावत नाही. लीजच्या गाडीचंही तसंच. तिला हौसेने टायर, भोंगे, रंग लावायचे नसतात. किलोमीटरची मर्यादा असते, ओलांडली की किलोमीटरमागे दंड. परत करताना ओरखडे, पोचे तपासून पैसे कापतात. मुदतीआधी सोडली तर उरलेल्या भाड्यातला मोठा भाग भरावा लागतो. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्या, पगारातून भाडं वजा होणाऱ्या नोकरदाराला हे परवडतं. मातीच्या रस्त्यावर पंधरा वर्षं एकच गाडी चालवणाऱ्याला नाही. उसाच्या ट्रॉलीने हूक झिजलेला ट्रॅक्टर 'जसा दिला तसा' परत कोण देणार?

कारखान्याच्या बिलावर उभा ट्रॅक्टर

ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरचा हप्ता खरं तर कारखाना भरतो. मालक कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, मुकादमाला उचल देतो, टोळी फडात उतरते, खेपा मोजल्या जातात आणि वाहतुकीच्या बिलातून फायनान्सचा हप्ता जातो. साखळीतली एक कडी निसटली तरी हप्ता थांबतो. टोळी उचल घेऊन आलीच नाही, पावसाने ऊस कमी झाला, हंगाम नव्वद दिवसांतच आटोपला, नाहीतर बॉयलरच पेटला नाही. कारखान्याचं धुराडं वर्षानुवर्षं थंड राहणं काय असतं, हे ढोकीने पाहिलेलं आहे.

म्हणून हप्ता ठरवताना चांगला हंगाम धरू नये, मधला धरावा. पहिला हप्ता कोणत्या महिन्यात येतो ते बघावं. आषाढात येणारा सहामाही हप्ता म्हणजे बी-खताच्या दिवसांत घरात पैसा नसताना आलेला पाहुणा. कराराआधीच तो फाल्गुन-चैत्रात सरकवून घेता येतो, नंतर कोणी ऐकत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही तेव्हाच लिहून घ्यावं.

हप्ता थकलाच, तरी माणूस उघड्यावर पडत नाही. 1 एप्रिल 2024 पासून थकबाकीवर दंड आकारता येतो, पण दंडाचं व्याज करून ते मुद्दलात मिळवता येत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. गुंड लावून गाडी ओढून नेणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात खडसावून सांगितलं. अडचण दिसू लागली की हप्त्याच्या तारखेआधी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नंतर तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

बोजा उतरवणं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 मध्ये तीन शब्द एका ओळीत येतात: भाडे-खरेदी, भाडेपट्टा आणि नजरगहाण. पहिल्या दोहोंत गाडी कंपनीची आणि तुम्ही वापरणारे. नजरगहाणात गाडी तुमची, ताबाही तुमचा, फक्त सावकाराची नजर तिच्यावर. आज हप्त्यावर काढलेल्या बहुतेक गाड्या या तिसऱ्या प्रकारच्या. तिन्हींची नोंद आरसी बुकावर होते. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो, अगदी तशीच.

सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला माणूस तलाठ्याकडे चार चकरा मारतो. गाडीच्या बाबतीत मात्र शेवटचा हप्ता भरला की तो मोकळा झाला असं समजतो. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच राहतं. पाच-सात वर्षांनी ट्रॅक्टर विकायला काढला की गिऱ्हाईक आरसी उलटून बघतं आणि परत देतं. तोवर शाखा हललेली, साहेब बदललेले, फाइल कुठल्या गोदामात, कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून शेवटच्या हप्त्याबरोबरच ना-हरकत पत्र आणि सहीशिक्क्याचा फॉर्म 35 दोन प्रतींत मागायचा, तो आरटीओत देऊन नोंद उतरवायची, विम्याच्या पॉलिसीवरूनही फायनान्सचं नाव काढून घ्यायचं. पूर्ण फेड झाल्यावर कर्ज देणाऱ्याने 30 दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा, आणि आपल्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. एवढं एक वाक्य अर्जात लिहिलं की काउंटरवरची भाषा बदलते.

आपल्याकडे नवी गाडी निघाली की हार घालून ती थेट तुळजापूरला जाते. ती जाऊ दे. पण आरसीवरून फायनान्सचं नाव गेलं, त्या दिवशी आणखी एकदा न्यावी. पहिल्या खेपेला ती अर्धी दुसऱ्याची होती.